अँटेनाचा चिमुकला कनेक्टर पुन्हा पुन्हा निसटतोय? दाबण्याआधी कारण शोधा

राउटरजवळ बसलं की वाय-फाय झकास, भिंतीपलीकडे गेलं की गायब. खोलून पाहावं तर अँटेनाच्या केबलचं टोक वाय-फायच्या कार्डावरून सुटलेलं. बोटाने दाबून बसवलं, झाकण लावलं, सगळं सुरळीत. काही आठवड्यांनी पुन्हा तेच रडगाणं. लॅपटॉप, मिनी पीसी, ड्रोनचा रिसीव्हर, लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) नोड, वाय-फायचा ईएसपी३२ बोर्ड, जीपीएस ट्रॅकर, उपकरण कुठलंही असो, तक्रार हीच असते.

निसटलेला प्लग पुन्हा दाबणं ही दुरुस्ती नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. हा कनेक्टर आपणहून उठत नाही. त्याला काहीतरी उचलत असतं, किंवा तो मुळात नीट बसलेलाच नसतो, किंवा त्याची पकड संपलेली असते. यातलं काय घडलंय ते न शोधता दाबत राहिलं की दर वेळी त्याचं उरलेलं आयुष्य आपणच खातो.

आणि हे आयुष्य मोजकंच असतं. अशा कनेक्टरांची एक परिचित मालिका म्हणजे जपानच्या हिरोसे कंपनीची यू.एफएल; तिच्या डेटाशीटमध्ये जोडणी-काढणीच्या फक्त ३० फेऱ्या दिलेल्या आहेत. आयपेक्स या दुसऱ्या कंपनीच्या, त्याच धाटणीच्या एमएचएफ कुटुंबातल्या नेहमीच्या कनेक्टरांचंही तसंच. बाहेरची अँटेना फिरवून लावतात त्या आट्यांच्या एसएमए कनेक्टरला साधारणपणे ५०० फेऱ्या मिळतात, त्याच्याशी तुलना करून पाहा. हा कनेक्टर कारखान्यात एकदा लावायचा आणि दुरुस्तीच्या वेळी क्वचित काढायचा, एवढ्याचसाठी घडवलेला आहे. आपण मात्र तो हेडफोनचा जॅक असल्यासारखा वापरतो.

त्याची रचना डोळ्यांपुढे असली की पुढचं सगळं सोपं जातं. बोर्डावरच्या सॉकेटमध्ये मधोमध एक बारीक पिन असते आणि तिच्याभोवती धातूचं कडं. कड्याला बाहेरून एक उथळ खाच असते. केबलच्या टोकाचा प्लग त्यावर वरून चढतो, त्याच्या कड्याच्या आतला उंचवटा खाचेत अडकतो आणि टक् असा आवाज येतो. टिचबटणाची पकड असते तशीच ही. आटे नाहीत, कुलूप नाही. मधली पिन सिग्नल नेते, कडं ग्राउंड जोडतं. प्लगच्या पातळ कड्यात जो लवचीकपणा आहे, तोच सगळा भार पेलतो.

खरंच कनेक्टरचाच दोष आहे का?

अर्धवट बसलेला प्लग पार बंद पडत नाही, आणि फसगत होते ती यामुळेच. पिन आणि तिचा जोडीदार यांच्यात मिलिमीटरच्या काही भागाएवढी फट पडली, तर तिच्यातून डीसी जात नाही. पण २.४ गिगाहर्ट्झला ती फट छोट्या कपॅसिटरसारखी वागते आणि थोडा सिग्नल पलीकडे जाऊ देते. शिवाय अँटेनाऐवजी बोर्डावरची उघडी पिनसुद्धा थोडंफार काही पकडते. म्हणून राउटरशेजारी सगळं ठीक दिसतं. पडद्यावरच्या सिग्नलच्या काड्या पाहून निदान करू नका, सिग्नलची ताकद सांगणारा डीबीएममधला आकडा पाहा; तो शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. मोकळ्या खोलीत राउटरपासून तीन-चार मीटरवर उणे ४० ते उणे ५० डीबीएमच्या आसपास आकडा अपेक्षित असतो. तिथेच उणे ७० दिसत असेल तर अँटेनाच्या वाटेत कुठेतरी गडबड आहे. २० डीबीची घट म्हणजे शक्तीचा शंभरावा भाग उरला. मोकळ्या जागेत तेवढ्याने पल्ला एकदशांशावर येतो.

दोन अँटेनांच्या कार्डात हा दोष आणखी लपतो. एक प्लग सुटला तरी दुसरा किल्ला लढवतो. वेग पडतो, पण संपर्क तुटत नाही. लिनक्स असेल तर आयडब्ल्यू (iw) या आज्ञेच्या स्टेशन डंपमध्ये (station dump) बऱ्याच कार्डांचे ड्रायव्हर प्रत्येक अँटेनाचा आकडा वेगळा दाखवतात. दोन्हींत दोन-चार डीबीचा फरक चालतो. वीसेक डीबीचा फरक दिसला की कुठला प्लग पाहायचा ते झाकण न उघडताच कळलं. वाय-फाय ठीक आणि फक्त ब्लूटूथ अडखळतंय, असं असेल तर दुय्यम अँटेनाच्या प्लगवर संशय घ्या, कारण अनेक कार्डांत ब्लूटूथ तिच्यावरच चालतं.

झाकण उघडल्यावर उपकरण चालू ठेवूनच एक चाचणी करता येते. सिग्नलचा आकडा पडद्यावर सतत दिसू द्या आणि प्लास्टिकच्या काडीने केबल हळूच इकडेतिकडे हलवा. आकडा उड्या मारू लागला की दोष सापडला. बोटाने हलवू नका. हात अँटेनाजवळ आला की तिचं ट्यूनिंग बिघडतं आणि आकडा तसाही पडतो, मग चांगल्या जोडणीवर उगाच आळ येतो.

मल्टिमीटर वापरायचा तर आधी उपकरण बंद करा आणि बॅटरीची जोडणी काढा. प्लग सॉकेटवर बसलेला असतानाच एक टोक सॉकेटच्या सिग्नल पॅडवर आणि दुसरं केबलच्या पलीकडच्या टोकाच्या मधल्या पिनवर लावा. एक ओहमपेक्षा कमी आलं पाहिजे. असं केलं की केबलबरोबर सांधाही तपासला जातो आणि एक फेरीही वाचते. प्लग काढून त्याच्या मधल्या भोकात मीटरचं जाडं टोक खुपसणं मात्र कटाक्षाने टाळा. तिथली नाजूक पाती एकदा फाकली की त्या प्लगला पुन्हा नीट पकड येत नाही.

मधली तार आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट दिसला की पुष्कळजण केबल फेकून देतात. थांबा. लॅपटॉप आणि मोबाइलमधल्या कित्येक अँटेना, विशेषतः इन्व्हर्टेड-एफ जातीच्या, डीसीसाठी मुद्दाम ग्राउंडला जोडलेल्या असतात. त्यांच्यात शॉर्ट दिसणं हेच बरोबर आहे. केबल अँटेनापासून वेगळी करता येत असेल तर वेगळी करून मोजा. मग शॉर्ट असेल तर केबल खराब.

पिढ्यांचा घोळ

नवं कार्ड टाकल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर आधी माप जुळतंय का ते पाहा. लॅपटॉपमधल्या जुन्या धाटणीच्या मिनी पीसीआयई कार्डांवर यू.एफएल किंवा त्याच्याशी जुळणारा एमएचएफ१ असतो. नव्या धाटणीच्या एम.२ कार्डांवर बहुतेक ठिकाणी एमएचएफ४ असतो. यू.एफएल सॉकेटच्या कड्याचा व्यास साधारण २ मिमी, एमएचएफ४ चा १.५ मिमी. जोडल्यावरची उंची यू.एफएलची अडीच मिमीपर्यंत, तर एमएचएफ४ ची सव्वा ते दीड मिमीच्या दरम्यान. फरक अर्ध्या मिलिमीटरचा असल्याने नुसत्या डोळ्यांना पटकन कळत नाही.

मोठा प्लग लहान सॉकेटवर ठेवला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण टक् होत नाही. झाकणाच्या दाबाखाली तो तिथे काही काळ टिकतो, उपकरण हलवलं की सरकतो. ‘वारंवार निसटतो’ या तक्रारीत हा प्रकार सर्रास आढळतो आणि त्यावर योग्य केबल घेण्यावाचून उपाय नाही. उलटं, लहान प्लग मोठ्या सॉकेटवर जोर लावून चढवला तर प्लगचं कडं फाटतं. खरेदी करताना नुसतं ‘आयपेक्स’ एवढंच लिहिलेली केबल घेऊ नका. ते कंपनीचं नाव आहे आणि तिच्या कनेक्टरांच्या अनेक पिढ्या बाजारात आहेत. एमएचएफ३ आणि एमएचएफ४ तर इतके सारखे दिसतात की पाकिटावरचा आकडा वाचूनच खात्री करावी लागते.

प्लग उचलतं कोण?

माप बरोबर आहे, प्लग टक् करून बसतोही, तरी पुन्हा निसटतो. इथे खरा शोध सुरू होतो, आणि त्यावर वेळ घालवायला मागेपुढे पाहू नका.

पहिला संशय केबलच्या ताणावर. लॅपटॉपची अँटेना पडद्याच्या चौकटीत असते आणि केबल बिजागरीतून खाली येते. कारखान्यात ती छोट्या खोबणींतून आणि आकड्यांखालून नेलेली असते. बॅटरी किंवा पंखा बदलताना ती खोबणीतून बाहेर पडली आणि तशीच सरळ रेषेत ओढून लावली गेली, तर प्रत्येक वेळी पडदा उघडताना प्लगला हिसका बसतो. दिवसातून कित्येकदा. प्लग पुन्हा बसवण्याआधी केबल मूळ वाटेने नेऊन पाहा. तेवढ्याने दुखणं कायमचं गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत. प्लगजवळ थोडी ढील राहिली पाहिजे आणि पहिले काही मिलिमीटर केबल बोर्डाला समांतर, सरळ गेली पाहिजे. प्लगमधून बाहेर पडल्या पडल्या केबल वर वळत असेल तर ती तरफ होऊन प्लगची मागची बाजू उचलते. वळण द्यायचंच असेल तर त्याची त्रिज्या केबलच्या जाडीच्या किमान चार-पाच पट ठेवा.

दुसरा संशय केबलच्या जाडीवर. या कनेक्टरांवर ०.८१, १.१३, १.३२, १.३७ मिमी अशा जाडीच्या केबली येतात. जाड केबलमध्ये सिग्नल कमी हरवतो, म्हणून हौसेने १.३७ ची घेतली जाते. पण ती ताठ असते, आणि अरुंद डब्यात तिचा ताठपणा सगळा प्लगवर येतो. १.१३ च्या केबलमध्ये २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे ढोबळमानाने तीन डीबी जातात. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या तुकड्यात अर्ध्या डीबीच्या आसपास. जाड केबल घेऊन यातलं वाचणार ते किती? छोट्या उपकरणात मी निःसंकोच बारीक, मऊ केबल निवडतो. टिकणारा सांधा अर्ध्या डीबीपेक्षा मोलाचा आहे.

तिसरं कारण ध्यानातच येत नाही. डब्याच्या भिंतीवर एसएमए जॅक आणि आत पिगटेल (जॅकपासून बोर्डावरच्या प्लगपर्यंतची आखूड केबल), अशी मांडणी असेल तर अँटेना फिरवून घट्ट करताना आतला जॅकही हळूहळू फिरतो. त्याच्याबरोबर केबलला पीळ पडतो आणि तो पीळ सुटण्यासाठी प्लगला कलंडवतो. हा प्लग सॉकेटवर गोल फिरू शकतो, त्यात दोष नाही. पण पीळ नुसता फिरवत नाही, तिरकं ओढतोसुद्धा. जॅकची मागची बाजू पान्याने धरून नट आवळा. डब्याचं भोक जॅकच्या सपाट बाजूशी जुळणारं, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं करता आलं तर जॅक फिरण्याचा प्रश्नच मिटतो.

याच टोकाला आणखी एक सापळा आहे. एसएमए आणि त्याचाच उलट्या पिनेचा प्रकार आरपी-एसएमए यांचे आटे सारखे असतात, पण मधली पिन उलट बाजूला असते. चुकीची जोडी झाली तर दोन्हीकडे भोकं समोरासमोर येतात. आटे घट्ट बसतात, मधला संपर्क होतच नाही, आणि दोष विनाकारण आतल्या चिमुकल्या प्लगवर जातो. अँटेना उघडून दोन्ही बाजूंना डोकावून पाहा: एकीकडे पिन, एकीकडे भोक असलंच पाहिजे.

झाकणही तपासा. त्याची आतली फासळी प्लगच्या कडेवर टेकत असेल तर प्लग एका बाजूने दबतो आणि दुसऱ्या बाजूने उठतो. केबल स्क्रूच्या खांबाखाली चिरडली असेल तर तीही बदलावी लागेल. चेपलेल्या जागी केबलचा ठरलेला ५० ओहमचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) बिघडतो आणि सिग्नलचा काही भाग तिथूनच परत फिरतो.

बसवायचं आणि काढायचं कसं

बसवताना आधी केबलची दिशा ठरवा, मग प्लग सॉकेटवर नुसता ठेवा. दाबू नका. अगदी हलकेच हलवून तो मधोमध आल्याचं जाणवू द्या आणि मगच वरून सरळ, एकाच दाबात बसवा. नखापेक्षा प्लास्टिकचं सपाट टोक बरं. मध्यावर न येता दाबला तर कडं कडेवर चढतं आणि वाकतं. बहुतेक प्लग असेच मरतात. बसल्यावर भिंगातून आडव्या नजरेने पाहा: प्लगची पाठ बोर्डाला समांतर हवी. एक बाजू जराशी वर दिसली तर तो बसलेला नाही.

काढताना केबल ओढायची नाही आणि चिमट्याने एका बाजूने उचकटायचंही नाही. हिरोसेचं यू.एफएलसाठी खास काढणीचं हत्यार मिळतं. ते प्लगच्या कडेखाली अडकवून सरळ वर ओढतात. ते नसेल तर पातळ तारेचा आकडा करून प्लगखाली दोन्ही बाजूंनी समान उचला. तिरकं उचकटलं की कडं एका बाजूला फाकतं, मग टक् होणं बंद होतं.

फाकलेलं कडं पक्कडीने दाबून पुन्हा गोल करण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. मला तो पटत नाही. कडं गोल होत नाही, लंबगोल होतं. दोन ठिकाणी घट्ट आणि दोन ठिकाणी सैल. घाईच्या वेळी एका दिवसापुरतं ठीक, पण लगेच नवी पिगटेल लावा. सुदैवाने झीज बहुधा प्लगच्या बाजूला जास्त होते, त्यामुळे केबल बदलली की जुन्या सॉकेटवरही चांगली पकड येते.

जागेवर राहावा म्हणून

गरम गोंद लावू नका. या केबलींचं बाहेरचं आवरण बहुतेकदा एफईपी या फ्लोरोपॉलिमरचं असतं. त्याला गोंद धड चिकटत नाही, टेपही सरकते. उपकरण तापलं की गोंद मऊ पडतो आणि पुढच्या दुरुस्तीत त्याच्याबरोबर सॉकेटच उखडून येतं. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद तर फटीतून आत झिरपून संपर्काच्या जागीच थर बसवतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही नको, त्यातलं ॲसिटिक आम्ल तांबं गंजवतं.

प्लगला नव्हे, केबलला धरा. प्लगपासून एक-दोन सेंटिमीटरवर बोर्डाच्या भोकातून बारीक केबल टाय घ्या किंवा छोटी क्लिप लावा. टाय केबल चेपेल इतका आवळू नका. ओढ टायपाशी थांबते आणि प्लगपर्यंत पोचत नाही. ड्रोनसारख्या सतत थरथरणाऱ्या उपकरणात एवढं केलंच पाहिजे. त्यावर प्लगच्या पाठीवर कॅप्टॉन या उष्णता सोसणाऱ्या टेपचा तुकडा, किंवा झाकण आणि प्लग यांच्यात मऊ फोमची चकती ठेवता येते. फोम साधा हवा. चिप ज्यात खोचून येतात तो काळा फोम वीजवाहक असतो, तो वापरू नका. नवं उपकरण स्वतः आखत असाल तर कुलूप असलेले प्रकारही मिळतात, उदाहरणार्थ आयपेक्सचा एमएचएफ१ एलके. थरथर असलेल्या ठिकाणी मी तोच सुचवेन.

प्लग घट्ट आहे, तरी सिग्नल नाही

मग सॉकेट पाहा. त्याला बाजूंना दोन ग्राउंड पॅड आणि एक सिग्नल पॅड असतो. वारंवार उचकटल्याने एखाद्या पॅडचं सोल्डर तडकतं. चिमट्याने अलगद ढकललं आणि सॉकेट जरासं जरी हललं, तरी तडा आहे. थोडा फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायचा पदार्थ) लावून पुन्हा सोल्डर करा, पण फ्लक्स बेतानेच, कारण पातळ फ्लक्स कड्याच्या आत चढतो आणि वाळला की पिनवर अदृश्य थर राहतो. नवीन सोल्डर केलेल्या बोर्डावर सिग्नल कमी येत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने सॉकेट धुऊन पूर्ण वाळू द्या. हा उपाय साधा आहे, म्हणूनच तो राहून जातो.

तेही ठीक असेल तर सिग्नल मुळात कनेक्टरकडे जातोय का ते तपासा. ईएसपी३२-कॅमसारख्या बोर्डांवर छापील अँटेना आणि सॉकेट दोन्ही असतात. त्यांतलं कुठलं चालणार हे शून्य ओहमचा एक इवलासा रेझिस्टर ठरवतो. तो छापील अँटेनाकडे असेल तर बाहेरची अँटेना कितीही भारी लावा, ती वाटेत येतच नाही. रास्पबेरी पायच्या कॉम्प्युट मॉड्यूल ४ वर हीच निवड सॉफ्टवेअरमधून होते आणि मूळ मांडणी छापील अँटेनाची असते. कॉन्फिग फाइलमध्ये दुसरी अँटेना निवडल्याशिवाय कनेक्टर उपयोगी पडत नाही.

जीपीएसची सक्रिय (आतच ॲम्प्लिफायर असलेली) अँटेना असेल तर तिला कनेक्टरमधूनच डीसी पुरवठा लागतो. सॉकेटच्या सिग्नल पॅडवर, मॉड्यूलच्या गरजेनुसार, बहुतेकदा तीन व्होल्टच्या आसपास दाब दिसायला हवा. इथे मात्र शॉर्ट खरोखर घातक आहे, त्यामुळे मीटरचं टोक सरकणार नाही याची काळजी घ्या.

नॅनोव्हीएनए हे अँटेना आणि केबल तपासण्याचं छोटं यंत्र घेऊन मोजण्याचा मोह होत असेल तर त्याची मर्यादा पाहा. एच प्रकार दीड गिगाहर्ट्झपर्यंतच जातो. लोरासाठी चालेल, २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायसाठी नाही.

सॉकेटच उखडलं असेल तर

पॅड शाबूत असतील तर नवं सॉकेट सोल्डर करा. पॅड गेले असतील तर केबलचं प्लगचं टोक कापून ती थेट बोर्डावर जोडा. मधली तार मिलिमीटरभरच उघडी ठेवा, जाळी एका बाजूला पिळून शक्य तितकी आखूड ठेवा. जाळी आधी ग्राउंडला सोल्डर करा, म्हणजे ओढ तिच्यावर जाते. मधली तार नंतर. एफईपी २६० अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून सोल्डरिंग आयर्न टेकवायचं ते दोनेक सेकंदच; जास्त वेळ गेला की आतला थर वितळून तार जाळीला टेकते. सिग्नल पॅडही निघून आला असेल तर ट्रॅकवर मागे जाऊन पहिला सुटा भाग, बहुधा मॅचिंगचा छोटा कपॅसिटर किंवा इंडक्टर, शोधा आणि त्याच्या सॉकेटकडच्या पॅडवर तार लावा. मग केबल टायने बांधा आणि पूर्वीच्याच जागी बसून डीबीएमचा आकडा पाहा. अँटेना जोडेपर्यंत ट्रान्समिट सुरू करू नका, विशेषतः लोरा आणि मोबाइल नेटवर्कच्या मॉड्यूलवर. परत फिरलेली शक्ती त्यांच्या ॲम्प्लिफायरला जड जाऊ शकते.